चार सेकंदांची साद

माझ्या आतेनं उभ्या आयुष्यात कधी वाटा मोडला नाही. मालवणच्या बाजारात ती ओल्या गोणपाटावर मासळीचे वाटे लावून बसायची. पाच बांगड्यांचा एक, ओंजळभर पेडव्यांचा एक, कर्लीच्या चार तुकड्यांचा एक. गिऱ्हाईक म्हणालं, "यातले अर्धे द्या," की मानसुद्धा न वळवता ती सांगायची, "अर्धो वाटो गावाचो नाय. व्हयो तर आख्खो घे, नायतर वाट धर." मामलेदारांच्या बायकोलाही हाच न्याय होता.

बाजारात तिचा दरारा होता तो दोन गोष्टींमुळे. एक तिची सुरी. कर्ली हा मासा चवीला म्हणाल तर अमृत, पण काट्यांनी इतका गच्च भरलेला की घाटावरचा माणूस त्याच्या वाटेला जात नाही. आते त्याला अशा बारीक चिरा द्यायची की पोरंसोरं ती कर्ली डोळे मिटून खात. निम्म्या मालवणातल्या बायका कर्ली कापायला तिच्याकडून शिकल्या होत्या. दुसरी गोष्ट म्हणजे तिची साद. "घेवाऽऽऽ" अशी एका दमात ती जी ओढायची, ती बंदरावर उभ्या माणसाला ऐकू जायची. तिला सगळे भ्यायचे, माझ्यासकट.

ती माझ्या वडिलांची बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून तारकर्लीला आमच्याच घरी राहायची. माझी आई मी चार वर्षांचा असताना वारली, तेव्हापासून मला वाढवलं ते हिनं. रोज पहाटे डोक्यावर पाटी घेऊन ती मालवणला चालत जाई आणि दुपारी परत येई. मी कॉलेजात जाणार हे घरात तिनंच ठरवलं होतं. कुणी विचारलंही नव्हतं.

कोल्हापूरला बी.एस्सी. करताना आम्हाला एक प्राध्यापक क्वांटम मेकॅनिक्सची तोंडओळख करून देत. अभ्यासक्रमात तो विषय जेमतेम होता, पण त्यांना राहवत नसे. एकदा ते म्हणाले, प्रकाश पाण्यासारखा सलग वाहत येत नाही, तो पुंजांनी येतो. अणूनं घ्यायचा तर अख्खा पुंज घ्यायचा, अर्धा मिळत नाही. मुलं एकमेकांची तोंडं बघू लागली. मी मात्र न राहवून ओरडलो, "सर, म्हणजे वाटा!" वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. त्यांनी मला उभं केलं, वाटा म्हणजे काय ते नीट विचारून घेतलं, आणि पुढची दोन वर्षं ते वर्गात 'वाटा' हाच शब्द वापरत राहिले. माझ्या विद्यार्थिदशेतला हा एकमेव विजय.

कारण पुढे मला दुसरा वर्ग मिळाला आणि एम.एस्सी.चं दार बंद झालं. एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. पदवीची गुंडाळी घेऊन मी तारकर्लीला परतलो, तेव्हा क्वांटम मेकॅनिक्सला आमच्या किनाऱ्यावर कुत्रं विचारत नव्हतं. तेवढ्यात मुंबईतल्या एका मालवणकर व्यापाऱ्यानं मालवणच्या धर्मादाय दवाखान्याला एक जुनं, लढाईत वापरलेलं एक्स-रे यंत्र दान केलं. ते चालवायला माणूस हवा होता. दवाखान्याचे डॉक्टर लष्करातून निवृत्त झालेले, घाटावरचे, शिस्तीचे आणि शुद्ध शाकाहारी. त्यांनी माझं प्रमाणपत्र वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "फिजिक्स ना? मग चालवा."

यंत्राबरोबर पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक तक्ता आला होता. मनगट, गुडघा, छाती, मान. प्रत्येकासमोर किती किलोव्होल्ट आणि किती सेकंद ते छापलेलं. मी डिझेलचं जनित्र सुरू करायचो, तक्ता बघायचो, बटण दाबायचो आणि जुन्या न्हाणीत केलेल्या अंधारखोलीत फिल्म धुवायचो. बरगडी मोडली की नाही ते तेवढ्यावर कळत असे. हळूहळू मी विचार करायचंच सोडून दिलं. तक्ता माझा धनी आणि मी त्याचा गडी, असा एकंदर कारभार होता.

दिवाळी उलटल्यावर एका सकाळी आते दवाखान्यात आली. पाटी नव्हती, हात गळ्याला लावलेला. घशात काहीतरी अडकलंय, गिळलं की टोचतं, म्हणाली. कोरड्या भाताचे गोळे गिळून झाले होते, केळं खाऊन झालं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"मोरी," ती म्हणाली. "मोरीची कुर्ची."

मोरी म्हणजे काय ते डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. मीच शहाणपणानं सांगितलं की हा लहान शार्क, त्याला काटे नसतात, हाडाच्या जागी नुसती मऊ कुर्चा असते. डॉक्टरांनी आरसा घालून घसा पाहिला, दिसेल तेवढा स्वच्छ होता. मग मी तक्त्याप्रमाणे मानेचे दोन फोटो काढले, एक समोरून आणि एक बाजूनं. मणके उत्तम आले. बाकी काहीच नव्हतं. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून मला विचारलं, "दिसतंय काही?" मी म्हणालो, "नाही, काही नाही."

आज इतक्या वर्षांनीही ते तीन शब्द आठवले की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

डॉक्टर म्हणाले, कुर्चेनं थोडं ओरखडलं असेल, आठवड्यात बरं वाटेल. आठवडा गेला, दुसरा गेला. आतेचं जेवण सुटलं. नुसती पेज, तीही घोट घोट करत, डोळे मिटून. बाजार बंद झाला, कारण साद घालायला गेली की सुरी फिरल्यासारखी कळ येई. तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळचा ताप सुरू झाला. गळ्याची हाडं वर आली. वडील कुणकेश्वराला नारळ ठेवून आले. शेजारणी कुजबुजू लागल्या की बाईला बाहेरचं काहीतरी आहे. आणि डॉक्टरांनी मला खोलीत बोलावून दार लावून घेतलं.

"घशात गोळा असल्याचा भास होणं, हा मनाचा विकार असतो. एकट्या पडलेल्या बायकांत मी तो पाहिलाय," ते म्हणाले. "फोटो स्वच्छ आहे. मोरीला काटा नसतो हे तुम्हीच सांगितलंत. अन्न सोडलं तर त्या जगणार नाहीत. सोमवारपर्यंत फरक पडला नाही, तर मला त्यांना रत्नागिरीला पाठवावं लागेल."

रत्नागिरीला पाठवणं म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात, हे आमच्याकडे पोरालाही कळायचं. डॉक्टर दुष्ट नव्हते. समोर जे होतं त्यावरून ते बोलत होते, आणि समोर जे होतं ते मी ठेवलेलं होतं.

मी बाहेर आलो तर दवाखान्याच्या मागच्या पायरीवर आते बसलेली. भिंत पातळ होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"डॉक्टरान माका येडी ठरवल्यान," ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "तू पण तसाच म्हणतंस?"

"फोटोत काय दिसूक नाय, आते."

"मगे तुज्या फोटोची नजर मंद आसा. घसो माजो आसा, टोचता तो माका." थुंकी गिळताना तिचा चेहरा आवळला. "तुजो तो किरण हाड बघता कसो, ता माका सांग. इतकी वर्सां कोल्हापुराक ऱ्हवलंस ना?"

मला रागच आला. तिचा, डॉक्टरांचा, स्वतःचा. पण तिच्यासमोर बसलो आणि तिच्याच भाषेत सांगू लागलो. "किरण वाट्यांनी येतत, आते. आंगातलो एकेक अणू म्हंजे एकेक गिऱ्हाईक. घेतल्यान तर आख्खो वाटो घेता, नायतर सोडून देता. मांसातली गिऱ्हाइकां थोडा खाणारी. हाडात चुन्याचो अणू आसता, तो खादाड. खादाडान वाटे घेतले की ते पलीकडे फिल्मीर पोचनत नाय, आणि थय पांढरा रवता. ताच हाड."

तिनं बाजारातल्यासारखे डोळे बारीक केले. "तू वाटे केवडे लावलंस?"

"मोठे. तक्त्यात आसत तसले."

"म्हणान तर!" ती म्हणाली. "मोठो वाटो बघून सगळीच गिऱ्हाइकां न घेता पुढे जातत. खादाड पण जाता आणि थोडा खाणारो पण. मगे तुका कळतला कसा, कोण खादाड तो? वाटो ल्हान कर, मेल्या. इतक्या तुका कळणा नाय?"

मी पायरीवरून उठलोच. पुंजाची ऊर्जा निम्मी केली तर अणूनं तो गिळण्याची शक्यता आठपट होते, हे मी परीक्षेत सिद्धतेसकट लिहिलं होतं आणि त्याला पुरे गुण मिळवले होते. चुन्यातल्या कॅल्शियमचा अणुक्रमांक वीस आणि मांसातल्या ऑक्सिजनचा आठ. भूक त्या आकड्याच्या घनानं वाढते, म्हणजे अडीचपटीचा फरक पंधरापटीवर जातो, हेही लिहिलं होतं. मात्र हा फरक दिसतो तो पुंज लहान असताना. व्होल्टेज चढवलं की पुंज मोठा होतो, गिळणंच कमी होतं आणि हाड, मांस सगळं एका रंगाचं होऊ लागतं. तक्ता बनवणाऱ्यानं मानेचे जाड मणके डोळ्यांपुढे ठेवून सत्तर किलोव्होल्ट लिहिले होते. केसाएवढ्या काट्याचा विचार त्यानं कशाला करावा? तो मी करायचा होता.

दवाखाना दुपारी बंद असायचा. मुदत संपलेल्या काही फिल्म पडून होत्या, त्या मी घेतल्या. परसातल्या केळीच्या खांबाचा मानेएवढा जाड तुकडा कापून आणला. केळीचा खांब म्हणजे सगळं पाणीच, माणसाच्या मांसाला त्याहून बरा जोडीदार मला सुचला नाही. त्यात एका ओळीत चार वस्तू खोचल्या: सुरमईचा काटा, कर्लीचा दुबेळक्याचा, म्हणजे फाटा फुटलेला काटा, पेडव्याचा काटा आणि मोरीच्या कुर्चेचा तुकडा. तक्त्याप्रमाणे सत्तरवर फोटो काढला. सुरमईचा काटा पुसट दिसला, बाकी शून्य. मग पंचेचाळीसवर आणलं आणि वेळ वाढवत नेली, कारण इतके लहान पुंज वाटेतच गिळले जातात, थोडेच पलीकडे पोचतात. एकेका पुंजाचं काय होईल ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. पुष्कळ जमले की मगच चित्र उमटतं. चार सेकंदांवर सुरमई ठणठणीत आली, पण कर्लीच्या जागी असावं-नसावं असं काहीतरी. सगळ्या फिल्मवर राखेसारखा थर होता.

तो थर कशाचा हेही मला माहीत होतं. जे पुंज गिळले जात नाहीत, त्यातले काही इलेक्ट्रॉनवर आपटतात आणि वाट वाकडी करून भलतीकडे जातात. अशा वाट चुकलेल्यांची गर्दी फिल्मवर बसली होती. उपाय एकच, किरणांना फक्त हवी तेवढीच जागा मोकळी ठेवायची आणि बाकी सगळी शिशानं झाकायची. यंत्राचा मूळचा शिशाचा शंकू कुठल्यातरी रणांगणावर राहिला होता. मालवणात शिसं आणायचं कुठून?

संध्याकाळी घरी गेलो तर वडील अंगणात पाग निवडत बसले होते. पाग म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं, आणि त्याच्या काठाला सगळीकडून शिशाच्या गुळ्या लावलेल्या असतात. त्या गुळ्या वडिलांनी स्वतः ओतलेल्या होत्या. आठवड्यातले निम्मे दिवस आमच्या घरी जी मासळी येई, ती त्याच पागातली. मी काय हवंय आणि कशासाठी ते सांगितलं. वडील मितभाषी माणूस. त्यांनी कोयती घेतली आणि एकेक गुळी कापून माझ्यासमोर टाकू लागले.

"बाबा, सगळी नको," मी म्हणालो.

"शिसा परत गावतला," ते मान वर न करता म्हणाले. "भैण खंय गावतली?"

करवंट्यांच्या जाळावर त्यांनीच ते शिसं वितळवलं आणि कोरड्या मातीच्या परातीत ओतलं. मधे बांगडीएवढं भोक राहील अशी एक वाटी उपडी ठेवली होती. निघाली ती थाळी ओबडधोबड होती, पण कोल्हापूरच्या प्रयोगशाळेतली पितळी उपकरणं मला त्या दिवशी तिच्यापुढे खेळणी वाटली.

दुसऱ्या दुपारी थाळी लावून केळीचा फोटो पुन्हा काढला. न्हाणीच्या लाल दिव्याखाली कर्लीचा दुबेळक्याचा काटा हळूहळू वर आला. पेडव्याचासुद्धा, अगदी नखाच्या ओरखड्याएवढा, पण आला! मी अंधारात एकटाच नाचलो. मग चौथ्या जागेकडे पाहिलं. मोरीच्या जागी काही नव्हतं. कुर्चेत चुना इतका कमी की ती मांसासारखीच निघून गेली होती. व्होल्टेज आणखी उतरवून पाहिलं, तरी नाही.

म्हणजे आते खरं बोलत असेल, तर जगातला कुठलाही फोटो तिची साक्ष देणार नव्हता.

घरी जाऊन मी तिला विचारलं, "आते, खरा सांग. मोरीच होती?"

"मोरीच," ती म्हणाली आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं.

आयुष्यभर या बाईनं मला खोटं बोललो म्हणून बदडलं होतं. आणि त्या रात्री मी कुणकेश्वराला हात जोडून मागितलं की देवा, माझी आते खोटारडी ठरू दे.

सोमवारी सकाळी मी डॉक्टरांपुढे केळीच्या फिल्म मांडल्या. सगळं सांगितलं, मोरीचंही. त्यांनी फिल्म उलटसुलट करून पाहिल्या. शेवटी म्हणाले, "नव्या फिल्मचा एकच तुकडा शिल्लक आहे. तो घ्या. पण त्यावर काही आलं नाही, तर उद्याच्या एस.टी.नं रत्नागिरी. कबूल?" कबूल म्हणण्याशिवाय माझ्या हातात काय होतं?

वडील आतेला बैलगाडीतून घेऊन आले. तिला स्टुलावर बसवलं, खांद्याशी फिल्म लावली, दुसऱ्या बाजूला यंत्राच्या तोंडाशी बाबांची थाळी टांगली. आता अडचण उरली ती चार सेकंदांची. केळीचा खांब चार सेकंद हलत नाही. पण आतेच्या तोंडात सारखी लाळ साठत होती, आणि एक घोट गिळला की सगळा घसा वर जाऊन खाली येतो. केसाएवढा काटा त्यात पुसून गेला असता. म्हणून बटण न दाबता आधी सराव केला. मी मोजायचो, ती गिळणं रोखून धरायची. एक, दोन, आणि दोनवर ती गिळायची. पुन्हा. दोनवर गिळलं. पाचव्यांदा, सहाव्यांदा, तेच.

माझा तोल गेला. "आते, चार आकडे! चार आकडे तुका गप रवाक येणा नाय? जलमभर बाजार डोक्यार घेतलंस, आता चार आकडे..."

"मेल्याऽऽऽऽ!" ती कडाडली. तीन आठवड्यांची पेज, ताप, आणि कळ, सगळं त्या एका शब्दात होतं. तो शब्द लांबत गेला, लांबत गेला. आणि मी बघत होतो की तो संपेपर्यंत तिचा गळा तसूभरही वर गेला नाही. आवाज लावलेला माणूस गिळू शकत नाही! गिळायचं तर आवाज तोडावा लागतो.

"आते," मी म्हणालो, "साद घाल. बाजारात घालतंस तशी. घेवा म्हण आणि वडून धर. मी थांब म्हणासर सोडू नको."

तिनं माझ्याकडे पाहिलं. साद घालणं म्हणजे काय, हे तिच्या घशाइतकं कुणाला माहीत होतं? दाराशी वडील उभे होते, त्यांनी मान खाली घातली. आतेनं पाटी डोक्यावर असावी तशी मान ताठ केली, छातीत वारा भरला.

"घेवाऽऽऽऽ"

मी बटण दाबलं. एक. आवाज फाटत होता. दोन. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, पण मान हलली नाही. तीन. बाहेर रांगेतली माणसं उठून उभी राहिली. चार. मी बटण सोडलं आणि थांब म्हणालो. ती वाकून कण्हत राहिली, आणि मी फिल्म छातीशी धरून न्हाणीत पळालो.

अंधारखोलीत घाई करता येत नाही. फिल्म औषधात हलवत मी उभा राहिलो. मणके आले. त्यांच्यापुढे श्वासनळीची काळी पट्टी आली. त्या दोहोंच्या मधे, घशाच्या खालच्या टोकाशी, आधी काहीच नव्हतं. मग एक पांढरी रेघ दिसली. रेघेला फाटा फुटला. दुबेळक्याचा काटा, आडवा रुतलेला, केळीतल्याचा सख्खा भाऊ! माझ्या घशातून जो आवाज निघाला तो ऐकून वडिलांनी दारावर धक्के मारले.

ओली, ठिबकणारी फिल्म घेऊन मी व्हरांड्यात उन्हात आलो. डॉक्टर पेशंट सोडून बाहेर आले. त्यांनी फिल्म आभाळाकडे धरली, चष्मा पुसला, पुन्हा धरली. मग आतेसमोर जाऊन उभे राहिले.

"बाई, मी चुकलो," ते म्हणाले. "तुमच्या घशात काटा आहे." लगेच माझ्याकडे वळून म्हणाले, "लांब चिमटा उकळायला टाका. लष्करातली पेटी काढा."

घसा बधिर करून, नळी घालून, डॉक्टरांनी पंधरा मिनिटं घाम गाळला. फोटोवर दोन दोनदा अंतर मोजत होते. शेवटी चिमटा बाहेर आला आणि इनॅमलच्या ताटलीत टिक् असा आवाज झाला. पाठोपाठ थोडा पू आला. आणखी चार दिवस गेले असते तर तो आत फुटला असता, असं डॉक्टर नंतर म्हणाले. त्या क्षणी मात्र त्यांनी ताटली आतेच्या नाकासमोर धरली. शाकाहारी माणूस, पण सकाळपासून माझ्या फिल्म बघून मासळीत तयार झाला होता. "बाई, ही मोरी?"

आतेनं काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पदर तोंडावर घेतला. "कर्ली होती," ती पुटपुटली. "बोलता बोलता खाल्लंय. आख्ख्या मालवणाक कर्ली कापूक मी शिकवलंय. माज्याच घशात कर्लीचो काटो म्हटला तर बाजारात तोंड कसा दाखवू?"

"म्हणजे लाजेपायी मरायला निघाला होता तुम्ही!"

"मराण परवडला असता," पदराआडून उत्तर आलं. "हसू नको होता."

पण हसू आलंच. आधी वडिलांना, मग डॉक्टरांना, मग रांगेतल्या माणसांना. मी हसत होतो की रडत होतो ते मला आजही सांगता येणार नाही. आते सगळ्यांना शिव्या घालत होती, आणि त्या शिव्या घोगऱ्या असल्या तरी सलग होत्या, मधे कळ येऊन तुटत नव्हत्या. घरी जाताना तिनं वडिलांकडे वाटीभर मऊ भात मागितला आणि गाडीतच बसून तो संपवला.

डॉक्टरांनी त्याच आठवड्यात तक्त्याच्या खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ जोडली: 'घशातला मासळीचा काटा, पंचेचाळीस किलोव्होल्ट, चार सेकंद, साद घालण्यास सांगणे.' मी तिथं होतो तोवर त्या ओळीनं कित्येकांचे घसे सोडवले. गोऱ्यापान भटजींपासून रापणीचं जाळं ओढणाऱ्या गड्यांपर्यंत सगळ्यांनी त्या स्टुलावर बसून "घेवाऽऽऽ" केलं आणि सगळ्यांच्या मानेशेजारी बाबांच्या पागाचं शिसं टांगलेलं होतं. एम.एस्सी. न झाल्याची खंत मला त्यानंतर कधी वाटली नाही. वाटलीच तर मी न्हाणीत जाऊन ती फिल्म पुन्हा एकदा बघून येई.

आते बाजारात परतली ती दहा-बारा दिवसांनी. मी दवाखान्यात एका पोराच्या कोपराचा फोटो काढायच्या तयारीत होतो. डॉक्टर शेजारी कुणाची तरी नाडी बघत होते. तेवढ्यात खिडकीतून तिची साद आली, बाजार ओलांडून, बंदराच्या दिशेनं जाणारी, स्वच्छ, भरदार. "घेवाऽऽऽ"

डॉक्टरांनी नाडीवरची बोटं तशीच ठेवली आणि मान वर केली. माझा हात आपसूक बटणाकडे गेला आणि मी मनात मोजू लागलो. एक, दोन, तीन, चार. डॉक्टरांचेही ओठ हलत होते. पाच. सहा. मी सातापर्यंत मोजलं, तरी ती थांबली नव्हती.